बिनकव्हरची तबकडी

लोणावळ्यात पाऊस चार महिने असतो असं मुंबईची माणसं म्हणतात. दुरुस्तीवाल्याचा हिशेब वेगळा. जूनमध्ये रेडिओच्या आत हिरवट चढायला लागतं, जुलैत स्पीकरचा कागद सादळलेल्या पापडासारखा होतो, ऑगस्टात तबकड्यांवर बुरशी येते आणि सप्टेंबरात गिऱ्हाईक येतं. "काल रात्रीपर्यंत छान चालला होता हो, आम्ही हातसुद्धा लावला नाही." बाजारपेठेतल्या आठ बाय दहाच्या गाळ्यात चाळीस वर्षं हे एकच वाक्य ऐकत मी संसार केला.

ती तबकडी माझ्याकडे आली तीही अशाच एका सप्टेंबरात, १९७४ साली. खंडाळ्याच्या बाजूला एका बंगल्याचे मालक वारले आणि घरच्यांनी सामान मोकळं करायला काढलं. पलंग-कपाटं मोठ्या व्यापाऱ्यांनी उचलली. उरलेलं एक पोतं तिथला माळी सायकलवर घालून माझ्याकडे घेऊन आला. आत चावीचा ग्रामोफोन होता, स्प्रिंग तुटलेला. वीसेक लाखेच्या तबकड्या, त्यातल्या सात तडकलेल्या. आणि तळाशी एक मोठी एलपी, कव्हर नसलेली. कव्हराचा ओला लगदा तेवढा तिला चिकटून होता. पोत्याचे मी पंधरा रुपये दिले.

एलपी रिठ्याच्या पाण्यात धुतली, मलमलीनं टिपली, पंख्याखाली उभी ठेवली. अशा वेळी साबण वापरू नये, खाचेत बसतो. मधल्या कागदावर कंपनीचं नाव होतं कॅमिओ, गाणाऱ्याचं नाव क्लिंट ईस्टवूड, आणि दोन्ही बाजू मिळून बारा गाणी. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. नाव वाचलं आणि सोडून दिलं. कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला एचएमव्हीचा फिएस्टा होता, त्यावर लावली. आवाज बरा होता. बरा म्हणजे चाळीतल्या एखाद्या शिकल्यासवरल्या मुलाचा गणेशोत्सवात असतो तसा. सुरात होता, पण जिवावर उदार होऊन गातोय असं काही नव्हतं.

हा माणूस गवई नव्हे हे मला कळायला आणखी दोन वर्षं गेली. पुण्याला कँपात 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' लागला होता. तिथं पोस्टरवर तेच नाव, आणि पडद्यावर तोंडात विझलेली सिगार धरलेला, अडीच तासांत अडीच वाक्यं बोलणारा माणूस. मी खुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, अरे, हा तर माझ्या फळीवर गातोय!

पुढं हळूहळू जुळवत गेलो. १९५९ पासून अमेरिकेच्या टीव्हीवर 'रॉहाइड' नावाची मालिका चालली. गुरांचा प्रचंड कळप हाकत निघालेले काउबॉय, आणि दर आठवड्याला वाटेत एक नवं संकट. ईस्टवूड त्यात रावडी येट्स नावाचा तरणा गडी. मालिकेचं गाजलेलं शीर्षकगीत त्याचं नव्हतं, ते फ्रँकी लेनचं. पण मालिका घराघरांत पोचल्यावर कंपनीला वाटलं, ह्या चेहऱ्याकडूनच काउबॉयची गाणी का गाऊन घेऊ नयेत? १९६३ साली ती एलपी निघाली. 'रॉहाइड'चा क्लिंट ईस्टवूड काउबॉयची आवडती गाणी गातो, असंच तिचं नाव. मालिकेचं नाव आधी, माणसाचं मागून. फार चालली नाही. पुढच्याच वर्षी त्याचा पहिला इटालियन वेस्टर्न आला आणि गाण्याची गरज उरली नाही.

आपल्याकडे तेव्हा टीव्ही म्हणजे दिल्लीतला एक प्रयोग. मुंबईचं केंद्र १९७२ ला सुरू झालं. नंतर सिंहगडावर पुण्यासाठी टीव्हीचा मनोरा उभा राहिला. तानाजी जिथं पडला तिथून कार्यक्रम यायचे, आणि ते पकडायला आम्ही लोकांच्या कौलांवर चढून अँटेना सिंहगडाच्या दिशेनं फिरवायचो. खाली अंगणात उभी असलेली बाई ओरडायची, "मुंग्या आल्या, मुंग्या आल्या, जरा उजवीकडं!" पण हे विषयांतर झालं.

त्या बारा गाण्यांची पाळंमुळं मी नंतर शोधली, आणि खरी गंमत तिथं आहे. त्यातलं एक कोल पोर्टरचं. हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीचा बडा संगीतकार. माँटानातल्या एका माणसाची कविता विकत घेऊन त्यानं १९३४ साली ते गाणं रचलं. दुसरं बिली हिलचं, तो जन्मानं बोस्टनचा. तिसरं बॉब नोलनचं, तो जन्मानं कॅनडाचा. आणि गाणारा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला नट. म्हणजे गाणी गुराख्यांची, पण घोड्याच्या पाठीवर रचलेलं असं त्यात जवळजवळ काही नाही.

मग खरे काउबॉय काय गात होते? गात होते हे नक्की, आणि कामासाठी गात होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, त्यानंतरची वीसेक वर्षं टेक्सासची गुरं उत्तरेला रेल्वेच्या ठाण्यांपर्यंत चालवत नेली जायची. महिना तीस-चाळीस डॉलर पगार. त्यात गोरे होते, गुलामगिरीतून सुटलेले काळे होते, आणि ज्यांच्याकडून हा सगळा धंदा शिकले ते मेक्सिकन होते. रात्री कळप बसला की दोघंजण घोड्यावरून उलटसुलट दिशांनी त्याच्याभोवती फिरत राहायचे आणि हळू आवाजात काहीबाही गायचे. भजन, शिवी, घरची आठवण, काहीही. जनावराला अंधारात माणसाचा आवाज सतत येत राहिला की ते बुजत नाही. एकदा दोन हजार गुरं उधळली की संपलंच. पुढं काटेरी तार आली, तिचं पेटंट १८७४ चं. रेल्वे लांबवर पोचली. कळप चालवायचं काम सरलं. काम सरलं आणि मग गाण्यांना भाव आला. टेक्सासात वाढलेल्या जॉन लोमॅक्स नावाच्या मास्तरानं एडिसनचं यंत्र पाठीवर घेऊन गाणी जमवली, १९१० साली पुस्तक काढलं. त्यानंतर रेडिओ, बोलपट, टीव्ही. प्रत्येक पायरीवर टोपी मोठी होत गेली आणि गुरं कमी होत गेली.

हे वाचत असताना मला सारखं वाटत होतं की ही गोष्ट मी कुठंतरी ऐकली आहे. नंतर लक्षात आलं, त्याच पोत्यात होती. लाखेच्या तबकड्यांत.

आम्ही मावळातले. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ ही नावं बाहेरच्याला इतिहासातली वाटतात. आमच्याकडे ती लग्नाच्या पत्रिकेवर असतात. मावळा म्हटलं की लोकांना डोक्याला पागोटं, हातात ढाल-तलवार असा गडी दिसतो. आमच्या आजोबांच्या वेळचा मावळा म्हणजे डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखलात भाताची लावणी, नाहीतर राखोळीला घेतलेली दुसऱ्याची म्हसरं. शिवाजीमहाराजांच्या वेळच्या मावळ्याचाही दिवस बहुतेक असाच जात असणार, मोहीम नसेल तेव्हा. पण भातलावणीवर कुणी पोवाडा करत नाही.

पोवाडा करणारा मावळा नसायचा, हेही लक्षात घ्यायला हवं. अफजलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा, सिंहगडावरचा तुळशीदासाचा. हे दोघं डफ-तुणतुण्यावर पोट असलेले कलावंत. तुळशीदासाच्या पोवाड्यात रायबाचं लग्न आहे, शेलारमामा आहे, कड्याला चिकटणारी यशवंती घोरपड आहे. घोरपडीबद्दल इतिहासकार नाक मुरडतात. मुरडोत. तानाजी पडल्यावर महाराजांनी कोंढाण्याचं नाव बदललं असं आम्ही शाळेत शिकलो, आणि मग कळलं की लढाई १६७० ची आणि सिंहगड हे नाव १६६३ च्या पत्रातच सापडतं. तरी माझ्या कानात तानाजीच्या गोष्टीचा क्रम आजही शाहिराचाच आहे, पत्रांचा नाही.

लोमॅक्सचं काम आपल्याकडे त्याच्या वीस वर्षं आधी झालं होतं. हॅरी ॲक्वर्थ नावाचा आयसीएस साहेब मुंबई महापालिकेचा आयुक्त होता. माटुंग्याचं महारोग्यांचं रुग्णालय उभं करणारा तोच. त्यानं आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून पोवाडे उतरवून घेतले आणि १८९१ साली छापले. साहेबानं पुढं त्यातल्या काहींचं इंग्रजी पद्यात भाषांतरही केलं. तोपर्यंत ज्यांच्यावर ते रचले होते त्या फौजा मोडून सत्तरेक वर्षं झालेली. आमच्या बोरघाटातली बैलांच्या पाठीवरची वाहतूकही १८६३ ला रेल्वे घाट चढली तेव्हापासून उतरणीला लागलेली. म्हणजे इथंही तोच क्रम: आधी काम गेलं, मग वही आली.

मग वेषातली माणसं आली. हरिभाऊ आपट्यांची तानाजीवरची कादंबरी १९०३ ची. बाबूराव पेंटरांनी १९२३ ला 'सिंहगड' काढला, मूकपट. त्यात शेलारमामा झाला होता व्ही. शांताराम. मूकपट असल्यामुळे पडद्यावरच्या मावळ्यांना आवाज नव्हता. १९३३ ला प्रभातनं पुन्हा 'सिंहगड' केला तेव्हा ते बोलायला लागले. एकीकडे शाहिरांच्या तबकड्या निघत होत्या. रात्रभर चालणारा पोवाडा तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांत बसवायचा. माझ्या पोत्यातल्या एका तबकडीवर शाहीर इतक्या घाईनं कडा चढतो की झीलकऱ्यांना 'जी जी' म्हणायला श्वास पुरत नाही. चढाई एका बाजूला, लढाई दुसऱ्या बाजूला. मधे उठून सुई बदलायची, चावी द्यायची. लहानपणी अशा तबकड्या ऐकताना आम्ही पोरं तेवढ्या वेळात तानाजी दोरावर लोंबकळतोय असं समजून गप्प बसायचो.

ह्या वेषातल्या गाण्याला मी हसत नाही. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, अमर शेख बार्शीचे. दोघं नटही होते. त्यांच्या आवाजानं गिरण्यांच्या मैदानात माणसं उभी राहिली ती काही ढाल-तलवारीचा अनुभव पाहून नव्हे. अमेरिकेतही १९६४ साली एक गंमत झाली. 'बोनान्झा' मालिकेतला बाप, लॉर्न ग्रीन, हा कॅनडाचा, मूळचा रेडिओवर बातम्या देणारा. त्याची 'रिंगो' नावाची तबकडी तिकडं पहिल्या नंबरावर गेली. त्यानं ते गाणं गायलंच नाही, धीरगंभीर आवाजात सांगितलं, मागं कोरस. मी ती ऐकली तेव्हा म्हटलं, हा तर पोवाडा, डफ राहिलाय फक्त! ईस्टवूड सुरात गाऊन पडला, ग्रीन नुसतं सांगून तरला. वीराची गोष्ट सांगावी, गुणगुणू नये, हे आमच्या कुठल्याही गोंधळ्यानं सांगितलं असतं. आणि नटाच्या तोंडून गाणं आमच्याही वाट्याला आलंच की. 'गुलाम'मधलं आमिर खानचं खंडाळ्याचं गाणं १९९८ ला आलं आणि पुढची चार वर्षं शनिवार-रविवारी माझ्या गाळ्यासमोरून प्रत्येक गाडी तेच वाजवत गेली. टपोरी होऊन गायला होता. ईस्टवूडपेक्षा बरा, असं माझं मत.

पण खुद्द कामातला आवाज? तो आमच्या भागात यंत्रावर आला तो फार उशिरा, आणि बाप्यांचा नव्हे, बायांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघं पुण्याचे कार्यकर्ते मुळशी-मावळातल्या डोंगरी गावांत काम करत होते. त्यांनी जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि ती महाराष्ट्रभर पसरून एक लाखाच्या वर गेली. नव्वदच्या दशकात बर्नार बेल नावाचा संगीताचा जाणकार फ्रेंच माणूस त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण करत हिंडला. कोळवडे, भांबर्डे अशा गावांतल्या बायांचे आवाज त्यात आहेत. पिठाच्या गिरण्या तेव्हा गावोगाव आल्याच होत्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. मी मोबाइलवर ऐकतो. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मागची जात्याची घरघर काढून टाकली असती तर ध्वनिमुद्रण साफ झालं असतं आणि ओवी मेली असती.

आता आबांचं सांगतो.

आबा म्हणजे माझे आजोबा. तुंग-तिकोन्याच्या मधल्या खोऱ्यात त्यांनी लहानपणापासून गुरं राखली. पवनेचं धरण झालं, जमीन पाण्यात गेली, तेव्हा ते कामशेतजवळ माझ्या चुलत्यांकडे येऊन राहिले. आठवड्यातून एकदा पॅसेंजरनं लोणावळ्याला यायचे, माझ्या गाळ्यात स्टुलावर बसायचे, तंबाखू मळायचे. त्या सप्टेंबरात मी ती एलपी लावलेली असताना ते आले. घोंगडी झटकली, बसले, आणि पूर्ण एक बाजू ऐकली.

"कोन हाय ह्यो?"

"गुराखी हाय, आबा. अमेरिकेतला." तेवढं त्या कागदावरून मला कळलं होतं.

"राखोळी काय मिळती त्याला?"

"ते ठावं नाही."

पुन्हा ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्यानं गुरं राखल्याली न्हाईत."

"कशावरनं?"

"मधी थांबत न्हाई त्यो. गुराकी वरडला की गप ऱ्हातो. ऐकावं लागतं ना, गळ्यातली घाट कुठं वाजतीया, कोन वर गेलंय, कोन रानात घुसलंय. ह्यो आपला गातोय, गातोय." तंबाखू दाढेला धरली. "पर वाईट न्हाई. म्हसरं झोपत्याल."

कंपनीला कव्हरावर छापायला हे चाललं असतं. मी हसलो आणि विसरून गेलो.

१९८० च्या सुमारास एका गिऱ्हाइकाचा कॅसेट रेकॉर्डर दुरुस्त करून मी तो तपासायला कामशेतला नेला. श्रावण होता. आबा ऐंशीच्या घरात, तरी म्हशींमागं जातच होते. गुरं दुपारची विसाव्याला बसतात त्या गोठणावर मी त्यांच्याशेजारी यंत्र ठेवलं, बटण दाबलं आणि साठची कॅसेट, अख्खी एक बाजू, भरू दिली. मावळात त्या दिवसांत धुकं असं उतरतं की हाताच्या अंतरावरची म्हैस दिसत नाही. वाघरू फिरतं. अमेरिकेतले रात्री गायचे, आमचे भर दुपारी हाका घालायचे, कारण आमच्या श्रावणात दुपारलाच रात्र असते. आबांनी हाक घातली. खोल, लांब, शेवटी वर उचललेली, शब्द नसलेली. पलीकडच्या डोंगरावरून दुसऱ्या कुणाची आली.

घरी येऊन ऐकलं. एक हाक, मग काहीच नाही. पाव मिनिट, अर्धं मिनिट. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. मला वाटलं यंत्र आवाज गिळतंय. हेड स्पिरिटनं पुसलं, पिंच रोलर साफ केला, पुन्हा ऐकलं, तेच. पुन्हा तपासायचं म्हणून बुधवारी रात्री त्याच बाजूवर बिनाका गीतमाला भरली. झकास आली. यंत्र गिऱ्हाइकाला दिलं, कॅसेट माझ्याकडे राहिली. आबा त्यापुढच्या उन्हाळ्यात गेले.

ती कॅसेट आजही माझ्याकडे आहे. गाणी भरून झाल्यावर फीत थोडी उरली होती, मिनिटभराची. अमीन सयानींचा आवाज मधेच तुटतो आणि जुनं सुरू होतं. त्यात हाक नाही. पानांवरून पाणी ठिबकतंय. लांब, उजव्या हाताला, एका म्हशीची घाट वाजते. कुणीतरी जवळच घोंगडी सावरतं. मग फीत संपते.